जुनं फ्रेंच पुस्तक हाती आलं तर: फणसवाडीच्या एका बाइंडरकडून

ट्रंकेत, माळ्यावर किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात जुनं फ्रेंच पुस्तक सापडलं, तर पहिल्या दिवशी त्याला काहीही करू नका. चिकटपट्टी नको, डिंक नको, कातड्याला तेल नको, उन्हात वाळवणं तर मुळीच नको. कोरड्या हातांनी ते स्वच्छ सुती कापडावर ठेवा, कण्यावर जोर न देता अर्धंच उघडा आणि शीर्षकपानाचा मोबाइलवर फोटो काढा. काही तुकडे गळाले असतील तर पाकिटात जपून ठेवा. एवढं जमलं तर पुढची निम्मी लढाई जिंकलात.

आमचा बांधणीचा गाळा फणसवाडीत आहे. वडिलांच्या काळात चोपड्या, खतावण्या आणि फोर्टातल्या वकिलांचे लॉ रिपोर्ट हेच काम असायचं. मला फ्रेंच भाषा येत नाही. पण शीर्षकपान उलगडता येतं, फर्मे, म्हणजे छापील ताव दुमडून झालेले पानांचे गट, मोजता येतात आणि कागद बोटांना कळतो. पुस्तक कोणतं, केव्हाचं आणि पुरं आहे की नाही, हे बहुतेक वेळा या तीन गोष्टींवरच ठरतं. किंमत त्यानंतरची.

यंदा मे महिन्यात दादरच्या हिंदू कॉलनीतून एक मुलगी आली. पंच्यात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं. ‘काका, आजोबांच्या ट्रंकेत होतं. ते सॉलिसिटरच्या ऑफिसात कारकून होते, साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्यानं दिलं म्हणे. कितीचं असेल?’ मी म्हटलं, ‘बाळ, आधी ते काय आहे ते बघू.’ ते कसं बघितलं, तेच इथे लिहितो.

सुरुवात शीर्षकपानापासून. जुन्या फ्रेंच पुस्तकाच्या या पानावर वरून खाली ठरावीक क्रम असतो: नाव, लेखक, भागाचा क्रमांक, मध्ये एखादं छोटं चित्र किंवा नक्षी, मग गाव, विक्रेत्याचं नाव आणि तळाशी साल. गावापुढे ‘शे’ असा शब्द येतो, म्हणजे ‘यांच्याकडे’. त्या काळी प्रकाशक आणि पुस्तकविक्रेता बहुधा एकच असे, त्यामुळे दुकानाचा रस्ताही छापलेला सापडतो. साल रोमन आकड्यांत असतं. तिच्या पुस्तकावर होतं ‘एम. डीसीसी. एलएक्सएक्सएक्सआयआय.’ एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, आय १. बेरीज करा, १७८२ येतं. मधल्या टिंबांनी गोंधळून जाऊ नका.

सालाच्या खाली राजाच्या परवान्याची ओळ असेल, तिच्यात ‘प्रिव्हिलेज दु रुआ’ असे शब्द येतात, तर पुस्तक राज्यक्रांतीच्या आधीचं आहे असं धरायला हरकत नाही. त्या परवान्याचा पूर्ण मजकूर पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा शेवटी छापत आणि त्यात तारीखही असते. क्रांतीनंतर सालाची पद्धतच बदलली. ‘आं सात’ असं काही दिसलं तर ते क्रांतीच्या पंचांगातलं सातवं वर्ष. हे पंचांग २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजतात, म्हणून सातवं वर्ष १७९८ च्या सप्टेंबरात सुरू होऊन १७९९ मध्ये संपतं. १८०६ च्या १ जानेवारीला ते रद्द झालं. असं साल दिसलं की मला बरं वाटतं, कारण पुस्तक तेरा-चौदा वर्षांच्या अरुंद पट्ट्यात आपोआप बसतं.

गावाच्या नावावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अठराव्या शतकात राजाच्या किंवा चर्चच्या रोषाला पात्र होईल असं पुस्तक पॅरिसमध्ये छापून त्यावर ‘लंडन’ किंवा ‘ॲमस्टरडॅम’ टाकत. ‘कोलोन, पिएर मार्तो’ असा पत्ता तर सतराव्या शतकापासून शेकडो पुस्तकांवर आहे आणि त्या नावाचा प्रकाशक कोलोनमध्ये कधीच नव्हता. असं पुस्तक खोटं नसतं. खोटा पत्ता हाच त्याच्या इतिहासाचा भाग असतो आणि संग्राहक अशा पुस्तकांचा मुद्दाम शोध घेतात.

शीर्षकपान फाटून गेलं असेल तर अक्षरांकडे वळा. फ्रेंच येत नसलं तरी दोन खुणा दिसतात. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये एस हे अक्षर लांब, एफसारखं दिसत असेल तर पुस्तक बहुधा १८०० च्या आधीचं. दुसरी खूण क्रियापदांच्या शेपटीत. जुन्या लेखनात ती ओ-आय-टी नं संपतात, नव्यात ए-आय-टी नं. फ्रेंच अकादमीनं १८३५ च्या शब्दकोशात नवं रूप स्वीकारलं. काही छापखाने आधीच बदलले होते, काही उशिरा बदलले, म्हणून एकट्या या खुणेवर निकाल देऊ नये.

आता कागद. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, जरा सविस्तर सांगतो. एक पान अलगद उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरा. बारीक, दाट रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण दोन-अडीच सेंटीमीटर अंतरावरच्या ठळक रेघा दिसल्या तर तो हातानं, तारांच्या जाळीवर केलेला कागद. तो चिंध्यांचा असतो, लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, आणि हेम्पच्या जुन्या कापडाचा लगदा करून केलेला. म्हणूनच १७८२ चं पान आज मुंबईच्या हवेतही पांढरं, लवचिक राहतं आणि १९०० चं पान घडी घातली की पापडासारखं मोडतं. कागदाचं यंत्र लुई-निकोला रोबेर यानं १७९९ मध्ये पेटंट केलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा आला आणि कागद स्वस्त झाला, तसाच अल्पायुषीही. तेव्हा पान जितकं पिवळं आणि ठिसूळ तितकं पुस्तक जुनं, हा समज डोक्यातून काढून टाका. अनेकदा नेमकं उलटं असतं.

उजेडात कागदाचं पाणचिन्हही, म्हणजे वॉटरमार्क, दिसेल. एक गृहस्थ फार उत्साहानं आले होते, पाणचिन्हात १७४२ स्पष्ट वाचता येत होतं. पण फ्रान्समध्ये १७४१ च्या हुकमानं कागद करणाऱ्यांना पाणचिन्हात साल घालणं बंधनकारक झालं आणि अनेकांनी १७४२ चा साचा पुढे कित्येक दशकं तसाच वापरला. त्यांच्या पुस्तकाचं छापील साल त्याहून बरंच पुढचं निघालं.

आता फर्मे. इथे बाइंडरचा शब्द शेवटचा. छापील ताव एकदा दुमडला की दोन पानं, म्हणजे चार पृष्ठं. दोनदा दुमडला की चार पानं, तीनदा दुमडला की आठ पानं, म्हणजे आपला नेहमीचा सोळा पृष्ठांचा फर्मा. फ्रेंच याद्यांत ‘इन-फोलिओ’, ‘इन-कार्तो’, ‘इन-ऑक्ताव्हो’ असे आकार लिहिलेले असतात, ते हेच. बारा पानांच्या छोट्या आकारालाही वेगळं नाव आहे आणि कादंबऱ्या पुष्कळदा त्यातच निघत. पट्टीनं मोजून फसाल, कारण बांधताना कडा कापल्या जातात. कागदाच्या ठळक रेघा बघा. चार पानी घडीत त्या आडव्या येतात, आठ पानीत उभ्या, बारा पानीत पुन्हा आडव्या.

प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक अक्षर असतं: ए, बी, सी असं. ही खूण बाइंडरसाठी. अक्षरं क्रमानं आहेत का आणि प्रत्येक अक्षरामागे पानं सारखी आहेत का, हे पुस्तकभर बघत जा, पेन्सिलीनं कागदावर टिपत जा. जे, डब्ल्यू आणि यू-व्ही पैकी एक अक्षर दिसलं नाही तर घाबरू नका. जुन्या छापखान्यांची वर्णमाला तेवीस अक्षरांची असे. झेड झाल्यावर दोन ए पासून पुन्हा सुरुवात होते. मधला एखादा फर्मा गहाळ असेल तर तो इथेच पकडला जातो. पृष्ठांकांवर विसंबू नका, छापखान्याकडून आकडे चुकणं नेहमीचं होतं.

चित्रं असतील तर ती वेगळी मोजा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो, तो बोटाला कळतो. भिंगाखाली रेघा सलग दिसल्या पाहिजेत. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते नंतरचं पुनर्मुद्रण. काही पुस्तकांच्या शेवटी बारीक टाइपात एक सूचना असते, शीर्षक ‘आव्ही ओ रलियर’, म्हणजे बाइंडरला सूचना. कोणतं चित्र कोणत्या पृष्ठासमोर बसवायचं ते तीत दिलेलं असतं. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गाळ्यातलं काम थांबवून तशीच हातात धरून बसलो. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या छापखान्यातल्या कुणी तरी माझ्याच कामाच्या माणसासाठी ते लिहून ठेवलं होतं. ती सूचना सापडली तर चित्रं तपासायला दुसरी यादी लागत नाही.

आता बांधणी. आधी एक गोष्ट सांगतो, मला ती सांगताना आजही जड जातं. १९८६ साली मी तेवीस वर्षांचा होतो. एक वृद्ध निवृत्त मास्तर फ्रेंच पुस्तक बांधायला देऊन गेले. वर पिवळट कागदी वेष्टण होतं, कडा वेड्यावाकड्या, कित्येक पानं वरून न फाडलेली. मला ते अर्धवट काम वाटलं. वेष्टण टाकून दिलं, तिन्ही कडा कटिंग मशीनवर सरळ कापल्या, लाल कातडी कणा केला, सोनेरी अक्षरं ठोकली. मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग सुरुवातीचं एक पान उघडून दाखवलं. थोड्याच प्रती ‘हॉलंड’ नावाच्या उंची कागदावर छापल्या होत्या आणि या प्रतीवर हातानं क्रमांक घातला होता. फ्रान्समध्ये पुस्तकं विसाव्या शतकापर्यंत अशा साध्या कागदी वेष्टणात विकली जात, ज्याला हवं तो मग आपल्या पसंतीनं बांधून घेई. वेष्टण शाबूत, कडा न कापलेली अशी प्रत म्हणूनच दुर्मीळ, आणि संग्राहक तिच्यासाठीच जास्त पैसे मोजतो. मी एका दुपारी ते सगळं कापून टाकलं होतं. मास्तर रागावले नाहीत. पुढची सहा वर्षं दर शनिवारी येऊन मला शीर्षकपानं वाचायला शिकवत राहिले.

तेव्हापासून वेष्टणाचा फाटका तुकडाही मी टाकत नाही. तुम्हीही कुणा बाइंडरकडे पुस्तक देण्याआधी ते काय आहे हे जाणून घ्या. नवी बांधणी करून किंमत वाढते, हे जुन्या पुस्तकाच्या बाबतीत क्वचितच खरं ठरतं.

मूळ कातडी बांधणी असेल तर कातडं ओळखा. वासराचं गुळगुळीत असतं, त्यावर संगमरवरासारखे डाग पाडलेले आढळतात. मेंढीचं मऊ, पापुद्रे सुटणारं आणि स्वस्त. बकऱ्याचं, ज्याला ते मारोक्कां म्हणतात, दाणेदार आणि चिवट असतं, ते श्रीमंतांच्या पुस्तकांना लावत. पुठ्ठ्यावर सोन्यात कुणाचं कुलचिन्ह असेल तर ते कोणाचं होतं ते शोधा, एवढ्यानं साधं पुस्तकही मौल्यवान ठरू शकतं. मात्र बांधणीचं वय आणि छपाईचं वय एक असेलच असं नाही. मुंबईत राहिलेली बरीच पुस्तकं इथेच पुन्हा बांधली गेली आहेत. लाल खारव्याचा, म्हणजे जाड्याभरड्या कापडाचा कणा आणि पोस्तीनला, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या पानाला, चोपडीचा कागद दिसला की मला आमच्याच धंद्यातल्या कुणाचा तरी हात ओळखू येतो.

मुंबईत सापडणाऱ्या फ्रेंच पुस्तकांचे काही ठरलेले प्रकार आहेत. वांद्र्याच्या जुन्या घरांतून प्रार्थनापुस्तकं येतात, सोनेरी कडांची, बरीचशी फ्रान्समधल्या तूर गावच्या माम या छापखान्याची. लाल कापडी बांधणीची, शाळेत बक्षीस दिलेली पुस्तकंही येतात. दोन्ही दिसायला देखणी, पण लाखोंनी छापलेली. फ्रान्समध्ये अशी पुस्तकं दहा-वीस युरोंना मिळतात. ती घरातच जपा. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांच्या एत्झेल प्रकाशनाच्या रंगीत, सोनेरी कापडी आवृत्त्यांची गोष्ट निराळी. त्यांवर पुष्कळदा साल नसतं, तेव्हा मुखपृष्ठाचा नमुना आणि शेवटी जोडलेली प्रकाशकाची यादी यांवरून काळ ठरवतात. त्यांचे संग्राहक आहेत, आणि रंग ताजा आहे की विटलेला यावर भाव खूप बदलतो.

एकदा पारशी कॉलनीतल्या एका बाईंनी तीन जाड जिल्दा दाखवल्या. सुरतेला राहून पारशी दस्तुरांकडून शिकलेल्या आंकतील-द्युपेरों यांचा झेंद-अवेस्ता, पॅरिस, १७७१. भाग दोन, जिल्दा तीन, कारण पहिला भाग दोन जिल्दांत आहे. हे माहीत नसेल तर माणूस तिसरा भाग शोधत बसतो. फ्रेंचमध्ये ‘तोम’ म्हणजे ग्रंथाचा भाग आणि ‘व्होल्युम’ म्हणजे हातात येणारी जिल्द. दोन्ही वेगळं मोजा. बाईंना ते विकायचं नव्हतं. मी फक्त सुटलेली पानं नीट बसवून दिली.

पुस्तक ओळखलं की ते पडताळा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची सूची घरबसल्या फुकट बघता येते आणि त्यांच्या ‘गालिका’ या संग्रहात लाखो जुनी पुस्तकं पानोपान स्कॅन केलेली आहेत. तुमच्या आवृत्तीची प्रत तिथे मिळाली तर पृष्ठसंख्या, चित्रं, शेवटचं पान शेजारी ठेवून जुळवा. भाषेचं अडलं तर मरीन लाइन्सच्या अलियान्स फ्रान्सेजमध्ये विचारा. इराण किंवा पारशी धर्माचं पुस्तक असेल तर फोर्टातली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आणि एकूणच हिंदुस्थानविषयी असेल तर टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी.

किंमत काढताना लोक इंटरनेटवर विक्रेत्यानं मागितलेला आकडा बघतात आणि तोच धरून बसतात. मागितलेला आकडा वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो. लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा. पॅरिसच्या द्रुओ या लिलावगृहाच्या लिलावांचे निकाल शोधता येतात. नेमकी तीच आवृत्ती, तोच आकार, असे तीन-चार निकाल काढा, मग त्यांच्या बांधणीचं आणि दोषांचं वर्णन वाचून आपली प्रत त्यांच्यात कुठे बसते ते प्रामाणिकपणे ठरवा. निकालातल्या रकमेत खरेदीदाराचं शुल्क धरलं आहे का तेही पाहा. विकणाऱ्याच्या हातात अडत कापूनच पैसे येतात. दुकानदाराला विकाल तर तो त्याहून कमीच देईल, कारण पुस्तक त्याच्याकडे कित्येक वर्षं पडून राहू शकतं. त्यात त्याची लबाडी नाही.

आपल्या हवेचे दोष वेगळे धरावे लागतात. कसरीनं पाडलेली भोकं मजकुरात आहेत की कडेला, ओलीचा डाग चित्रावर गेला आहे का, तपकिरी ठिपके किती पानांवर. कडेची भोकं खपतात, अक्षरं गेली की भाव कोसळतो. जिवंत कीड दिसली तर पुस्तक लगेच वेगळं, बंद पिशवीत ठेवा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागासारख्या जाणत्या ठिकाणी विचारा.

परदेशात पाठवून विकायचा विचार असेल तर आधी थांबा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं व ऐतिहासिक कागदपत्रं केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमचं पुस्तक त्यात मोडतं का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घ्या. त्यांचं मुंबई मंडळ शीवच्या किल्ल्यावर आहे.

त्या मुलीचं पुस्तक निघालं सोनरा या निसर्गअभ्यासकाचं प्रवासवर्णन, पूर्वेकडच्या देशांचं आणि चीनचं, चार पानी घडीचं, १७८२ च्या मूळ आवृत्तीतलं. पण ‘तोम सगों’, म्हणजे दुसरा भाग. हिंदुस्थान पहिल्या भागात आहे. दोन्ही मिळून चित्रं १४०, आणि तिच्या भागातली सात कुणी तरी पात्यानं कापून नेली होती. कण्यापाशी त्यांचे अरुंद पट्टे राहिले होते. अशीच चित्रं चौकटीत बसवून चोर बाजारात टांगलेली मी पाहिली आहेत. एकटा भाग, त्यात चित्रं कमी, म्हणजे पूर्ण संचाच्या निम्मी किंमतही धरता येणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग मी सांगितलं की सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या शास्त्रीय नावात याच माणसाचं नाव आहे. कर्नाळ्याला तिनं तो पाहिला होता. ती पुन्हा पानं उलटायला लागली, या वेळी सावकाश, आणि पक्ष्यांच्या चित्रांपाशी थांबत.

पहिला भाग शोधायचा आहे. आजोबांच्या आणखी दोन ट्रंका चिपळूणच्या घरी माळ्यावर आहेत, गणपतीला गेल्यावर उघडेन म्हणाली. तोवर दुसरा भाग माझ्या कपाटात सुती कापडात आडवा ठेवलाय, सुटलेला एक तुकडा पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीनं पृष्ठाचा आकडा. कणा सैल आहे. त्याला मी अजून हात लावलेला नाही.